कोल्हापूर ते गणपतीपुळे, आंबा घाटमार्गे: वीज, सीएनजी आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल

शिवाजी पूल, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा आणि निवळी हा गणपतीपुळ्याचा रस्ता कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतो. जेमतेम दीडशे किलोमीटरच्या या वाटेवर पेट्रोल-डिझेलची गाडी घेऊन जाणाऱ्याला इंधनाचा विचार करण्याचे कारण पडत नाही. यंदाच्या थंडीत, उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असताना, आमच्या नात्यातल्या तीन गाड्या एकत्र निघाल्या. माझी गाडी विजेवरची, दाजींची सीएनजीवरची आणि चुलतभावाची दहा वर्षांहून जुनी, पेट्रोलवरची. तेलाला पर्याय म्हणून ज्या तीन वाटांची सध्या चर्चा आहे, त्या तिन्ही एकाच घाटात शेजारी शेजारी चालवून पाहण्याची ही संधी होती. माझे मत आरंभीच सांगतो. विजेची गाडी या रस्त्यावर निर्धास्त नेता येते, मात्र हिशेब मांडताना किलोमीटरपेक्षा घाटाची उंची आणि मुक्कामाच्या जागेची वीज यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

माझ्या गाडीची बॅटरी सुमारे ४० युनिटची आहे. सपाट रस्त्यावर, ताशी साठ-सत्तरच्या वेगाने, ती एका युनिटला सात किलोमीटरच्या आसपास चालते. घरून शंभर टक्के भरून निघालो आणि आंब्याला चहासाठी थांबलो तेव्हा ७५ टक्के शिल्लक होती. वाघबिळाचा चढ आणि चौपदरीकरणाच्या कामामुळे मधूनमधून लागणारे वळणरस्ते धरता हे ठीकच म्हणायचे. त्यानंतर घाट उतरताना गाडीतल्या मुलांना मजा वाटावी असा प्रकार घडला. साखरप्याला पोहोचेपर्यंत बॅटरीची टक्केवारी कमी होण्याऐवजी दोनने वाढली होती. उतारावर मोटर जनित्रासारखी फिरते, गाडीला मागे ओढून धरते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत घालते. संपूर्ण घाटात मला ब्रेकवर पाय ठेवण्याची वेळ क्वचितच आली. मागून येणारे दाजी मात्र दुसऱ्या गिअरवर, ब्रेक तापू नयेत म्हणून जपून उतरत होते.

येथे एक सावधगिरी आहे, जी विक्रीच्या दालनात कोणी सांगत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज साठवायला तिच्यात जागाच नसते आणि उतारावर गाडी मोटरने रोखली जात नाही किंवा फारच थोडी रोखली जाते. कोल्हापूरहून निघणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण घाटाच्या माथ्यापर्यंत पुरेशी बॅटरी खर्च झालेली असते. पण पावनखिंड-विशाळगड पाहून आंब्यातच मुक्काम करणारे पुष्कळ असतात. त्यांनी रात्री चार्जिंग लावताना मर्यादा ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. नाहीतर सकाळी पहिल्याच वळणाला गाडी नेहमीपेक्षा मोकळी धावू लागते आणि चालक गोंधळतो.

परतीच्या प्रवासात हाच घाट दिलेले व्याजासकट वसूल करतो. आंब्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. माणसे आणि सामान धरून १,७०० किलोची गाडी तेवढ्या उंचीवर चढवायला निव्वळ पावणेतीन युनिट लागतात. मोटर आणि बॅटरीतली घट धरली तर तीनच्या वर. जाताना उतारावर मिळालेले दीडेक युनिट येताना मिळत नाहीत, हेही त्यात मिळवावे. म्हणजे जाण्यापेक्षा येण्याला साडेचार युनिट जास्त, अर्थात तीसेक किलोमीटरची चाल कमी. आम्ही पुळ्याला पोहोचलो तेव्हा ५४ टक्के बॅटरी उरली होती. ‘निम्म्यात आलो, निम्म्यात परत जाऊ’ असा साधा हिशेब कोणी केला, तर तो कोल्हापूर गाठण्याआधीच रस्त्यावर उभा राहील. कोकणात किमान ८० टक्क्यांपर्यंत गाडी भरल्याशिवाय परतीला निघू नये.

ती भरायची कोठे, हा पुढचा प्रश्न. पुणे-बंगळूर महामार्गावर आता जलद चार्जरची वानवा नाही. आंबा मार्गावर मात्र ते तुरळक आहेत आणि नकाशावर दिसणारा प्रत्येक चार्जर चालू असतोच असे नाही. वाटेत एका ठिकाणी आम्ही मुद्दाम थांबून पाहिले. पडदा उजळलेला होता, गाडीला जोडायची गन जागेवर होती, पण वीजपुरवठा येत नव्हता आणि मदतीच्या क्रमांकावर कोणी उचलत नव्हते. त्यामुळे ॲपमध्ये केवळ चार्जरचे ठिकाण न पाहता, गेल्या दोन-तीन दिवसांत तेथे कोणी गाडी भरल्याची नोंद आहे का, ते पाहावे. ॲपमधले पैसे कोल्हापुरातच भरून ठेवावेत, कारण घाटात आणि साखरप्याच्या आगेमागे मोबाइलची रेंज येते-जाते. दोन गन असलेल्या चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की बहुतेक ठिकाणी वीज विभागली जाते आणि अर्ध्या तासाचे काम तासावर जाते, हेही लक्षात असू द्यावे.

माझा अनुभव असा की, मुक्काम असेल तर जलद चार्जरच्या मागे लागण्यापेक्षा राहत्या जागेची १५ अँपिअरची जोडणी अधिक भरवशाची. तिच्यातून तासाला सुमारे तीन युनिट मिळतात. रात्री नऊला लावलेली गाडी पहाटे पाचपर्यंत निम्म्याहून अधिक भरते. अट एकच, अर्थिंग नीट हवे. आम्ही उतरलो त्या घरगुती निवासात मालकांनी आनंदाने पंपाच्या खोलीतला सॉकेट दिला, पण वायर लावताच तिच्या डबीवरचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि गाडीने वीज घेण्यास नकार दिला. मालक वयस्कर आणि अनुभवी होते. त्यांनी घराच्या मागे जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी सरकवली. आत जांभ्याची कोरडी ठणठणीत माती होती. दोन बादल्या पाणी ओतून झाल्यावर पाच मिनिटांनी दिवा हिरवा झाला. जांभ्या दगडाच्या भागात पावसाळा संपला की माती कोरडी पडते आणि अर्थिंग कमकुवत होते. ही तात्पुरती सोय झाली, खरा उपाय वायरमनला बोलावून खड्डा नव्याने भरून घेणे हाच आहे. खोली आरक्षित करतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: १५ अँपिअरचा सॉकेट गाडीपर्यंत पोहोचतो का, अर्थिंग तपासलेले आहे का आणि युनिटला किती रुपये घेणार. मीटरच्या आकड्याचा फोटो रात्री आणि सकाळी मालकांच्या समोर काढला की वाद उरत नाही. साधी एक्स्टेन्शन बोर्डची वायर मात्र वापरू नये. ती तासाभरात हात लावता येणार नाही इतकी तापते.

सीएनजीच्या गाडीविषयी थोडक्यात. दाजींनी आदल्या रात्रीच कोल्हापुरात टाकी भरली, आणि ते योग्यच केले, कारण सकाळी पंपावर रिक्षांची रांग असते. ज्या पंपावर गॅस वाहिनीने न येता ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, तेथे साठा उतरत गेला की दाबही उतरतो, आणि आठ-साडेआठ किलो मावणाऱ्या टाकीत सहा-सातच किलो जातो. काटा पाहूनच पुढचा बेत ठरवावा. घाट चढताना भरल्या गाडीला सीएनजीवर दम लागतो. दाजींनी वळणांवर बटण दाबून पेट्रोलवर घेतले आणि एसी बंद केला, तेव्हा गाडी मोकळी झाली. डिकी सिलिंडरने व्यापल्यामुळे त्यांचे सामान माझ्या गाडीत आले, ते वेगळेच. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी बंधनकारक आहे. प्रमाणपत्र गाडीत ठेवावे. खर्चात सीएनजी पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतो यात शंका नाही, परंतु देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास वायू द्रवरूपात जहाजांनी बाहेरून येतो. दाभोळचे आयात केंद्र तर याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. धूर कमी होतो, परदेशावरचे अवलंबन तितके कमी होत नाही.

चुलतभावाच्या पेट्रोल गाडीची गोष्ट कोल्हापूरकरांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे, कारण तिच्या टाकीत आपल्याच शिवारातला ऊस जळत होता. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास २००३ मध्ये निवडक राज्यांत सुरुवात झाली. पुढची अनेक वर्षे हे काम रखडत चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर गती आली, जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०३० साठी ठरवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच हाती आले. आता पंपावर साधे पेट्रोल म्हणून जे मिळते, ते हेच. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशाइतकीच ऊर्जा असते, त्यामुळे गाडीचे मायलेज घटणे अटळ आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के सांगितली आहे आणि भावाची तक्रार साधारण तेवढीच होती. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला चालतील असे बनवलेले असतात; त्याआधीच्या गाड्यांनी रबरी नळ्या आणि इंधनाची गाळणी नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये आवर्जून पाहून घ्यावी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. त्यामुळे कोकणातल्या घरी गाडी महिनोन्महिने उभी ठेवणाऱ्यांनी टाकी अर्धी रिकामी ठेवू नये.

वाघबिळाच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, तेव्हा भाऊ अभिमानाने म्हणाला की हे सगळे आपल्या टाकीतच येणार. तसे पूर्ण खरे नाही. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते, परंतु साखर किती करायची आणि इथेनॉल किती, हे कारखान्याच्या एकट्याच्या हाती नसते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेची टंचाई होईल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास अचानक मनाई केली, दहा दिवसांत ती मर्यादा घालून सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. कर्ज काढून आसवनी, म्हणजे इथेनॉल गाळण्याचा प्रकल्प, उभारलेल्या कारखान्यांची त्या काळात झालेली तारांबळ आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. त्यातच नीती आयोगाच्याच आकडेवारीनुसार उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी जाते. पंचगंगा आणि वारणेच्या काठी बसून हा आकडा बोचत नाही, दुष्काळी भागातल्या उसाला तो बोचला पाहिजे. मला इथेनॉल हा मधल्या काळाचा आधार वाटतो. आज रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी जुन्या गाड्या एका रात्रीत बदलणार नाहीत, आणि तोवर कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करणाऱ्या देशाला हा हातभार नाकारता येत नाही. विजेची गाडी चालवणाऱ्याने फार मिरवण्यातही अर्थ नाही, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशावरच तयार होते. हंगामात साखर कारखान्यांच्या बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चोथ्यावरची, वीजही त्यात येते, एवढेच समाधान.

आंब्याच्या टपरीवर दाजींनी माझ्या गाडीचे बॉनेट उघडायला लावले. त्यांचे शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे आणि फाउंड्रीतून येणाऱ्या, इंजिनाच्या सिलिंडर हेडचे मशिनिंग हे त्यांचे मुख्य काम. बराच वेळ आत डोकावून ते म्हणाले, “पाव्हणं, हिच्यात हेडबी न्हाई, फ्लायव्हीलबी न्हाई. मग आमच्या मशीनवर काय बांधायचं?” मी ब्रेक ड्रम, मोटरचे आवरण आणि सस्पेन्शनचे भाग मोजून दाखवले. त्यांचे समाधान झाले नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कित्येक कारखान्यांचे पोट इंजिनाच्या सुट्या भागांवर आहे, आणि बिडाच्या ओतकामाकडून ॲल्युमिनियमच्या भागांकडे वळायचे तर भट्टीपासून साच्यापर्यंत सगळे बदलावे लागते. हा बदल कोल्हापूरला पेट्रोलच्या दरापेक्षा कारखान्यातल्या ऑर्डरींमधून आधी कळेल, असे दाजींचे म्हणणे आहे आणि ते मला पटते.

येताना साखरप्याला ७१ टक्के बॅटरी होती. घाटाने त्यातली नऊ टक्के घेतली आणि कोल्हापुरात शिरलो तेव्हा ३८ टक्के शिल्लक होती. हंगामात परतीचा प्रवास शक्यतो दिवसा करावा. मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि विजेच्या गाडीचा आवाज नसल्याने ट्रॉलीवाल्यालाही मागून कोणी आल्याचे कळत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर दरड कोसळून आंबा घाट बंद होण्याची शक्यता गृहीत धरा. अणुस्कुरा किंवा गगनबावड्याकडून यावे लागले तर अंतर बरेच वाढते, तो घाटही तितकाच चढावा लागतो, आणि आंब्या-मलकापुरात वीज नसण्याचे दिवसही तेच असतात. त्या काळात कोकणातून शंभर टक्के भरूनच निघावे आणि घाटाकडे वळण्यापूर्वी तो सुरू असल्याची खात्री साखरप्याला नव्हे, हातखंब्यालाच करून घ्यावी, कारण तेथून मागे फिरण्याची किंवा दुसरी वाट धरण्याची सोय असते.