मडकंसुद्धा वाजवून घेतो: जुनी राईड शोधताना

गेल्या आषाढात ड्रमसेटची राईड, म्हणजे लय धरायची मोठी झांज, बदलायची ठरवली आणि ती घरी आली तेव्हा दिवाळीचा फराळ सुरू झाला होता. एका झांजेसाठी चार महिने! घरचे म्हणाले, दुकानात जा, एक उचल आणि ये. पण आमच्या चौघांच्या वाजवण्यात राईडच सगळा वेळ लय धरून असते. गिटार, बेस, कीबोर्ड आणि मी. जुनी मराठी-हिंदी गाणी आम्ही जॅझच्या अंगानं वाजवतो. तबलजीचा ठेका जसा गाण्याला सोडत नाही, तसं माझ्या उजव्या हातातलं ‘टिंग, टि-टिंग’ सुटून चालत नाही. तेच कानाला खुपत असेल तर बाकी सगळं फुकट.

सेटबरोबर आलेली राईड पितळेची होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काठी पडली की ‘ठण्ण’, आणि आवाज तिथेच संपला. चांगल्या झांजा काशाच्या असतात: साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, भांड्यांच्या कल्हईला वापरतात तेच. ड्रमवाले याला ‘बी-२०’ म्हणतात. ८ टक्के कथिलाचा पत्रा कापून केलेल्या झांजा ‘बी-८’. पण म्हणून बी-८ ती टाकाऊ, असं मुळीच नाही. पाइस्टी कंपनीची ‘२००२’ ही झांजांची मालिका १९७१ पासून याच धातूत निघते आणि रॉक वाजवणारे तिच्यावर जीव टाकतात. मला मात्र काठीचा टिपका स्पष्ट ऐकू यावा आणि त्यामागे मऊ, उबदार घुमारा राहावा असं हवं होतं, म्हणून बी-२०. नवीन घ्यायची तर मला मिळालेला सगळ्यात कमी भाव तीस हजारांच्या पुढचा होता. हातात पंधरा. म्हणजे जुनीच.

मी कसबा पेठेत वाढले. तांबट आळी घरापासून हाकेच्या अंतरावर. शाळेतून येताना मठारकामाची ठकठक कानावर पडायची, आणि हातोडीच्या प्रत्येक ठोक्यानं पत्र्यावर उठणारा तो छोटा चकाकता खळगा बघत मी उभी राहायचे. काशाच्या झांजेवर तसेच खळगे असतात, फक्त तिथे ते आवाजासाठी असतात. ठोके कुठे आणि किती पडले, त्यावर झांज कशी बोलेल ते ठरतं. आजी भजनी मंडळात टाळ वाजवायची. टाळ घेताना ती दोन्ही वाट्या एकेक करून दोरीनं लोंबत धरायची, नखानं टिचकी मारायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत दुकानदाराशी एक शब्द बोलायची नाही. “मडकंसुद्धा वाजवून घेतो आपण,” म्हणायची. राईड शोधताना मी शेवटी तेच केलं, पण एक फसता फसता वाचल्यावर.

पहिली राईड विमाननगरला बघितली. वीस इंची, आरशासारखी लखलखीत, भाव बारा हजार. मी जवळजवळ पैसे काढलेच होते. बरोबर आमचा बेसवाला होता, तो म्हणाला, उलटी करून बघ. झांजेवर लेथनं कोरलेले बारीक गोल चरे असतात. खालच्या बाजूला, मधल्या घुमटापासून चार बोटांवर, त्यातला एक चर जरा जास्तच काळा दिसत होता. नख आडवं फिरवलं. बाकीच्या चऱ्यांवरून नख खरखरत पुढे जात होतं, इथे मात्र अडकलं. परत फिरवलं, परत त्याच जागी अडकलं. मोबाईलचा दिवा मागून धरला तर केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, अंगठ्याच्या लांबीची. विकणारा म्हणाला, “ती डिझाईनची रेष आहे.” मग ती दांड्याला लोंबती धरून हळूच वाजवली. आवाजाच्या शेपटीत झर्र अशी थरथर होती, डब्यात सुटं नाणं असावं तशी.

कडेला आलेली तड असती तर एक वेळ विचार केला असता. तडीच्या टोकाशी बारीक भोक पाडून ती पुढे जायची थांबवता येते, किंवा कडेचा तेवढा तुकडा गोलसर कापून काढतात. चऱ्याच्या रेषेत गोल फिरणारी तड मात्र वाईट. ती वाढत जाते. आणि कासं ठिसूळ, डाग देऊन जोडायला गेलं तर त्या उष्णतेनं आवाज जातो. तेव्हापासून चकाकत्या जुन्या झांजेची मला भीतीच वाटते. यंत्रावर घासून चकचकीत केली की चरे बोथट होतात आणि तड लपते. वर्षानुवर्षं धरलेला काळपट-हिरवट थर दिसायला बरा नसेल, पण त्याच्याखाली काय आहे ते निदान नखाला कळतं.

दुसरी चिंचवडला. कसबा पेठ स्टेशनवरून मेट्रो, पुढे रिक्षा. झांज निर्दोष, मुलगा सरळ, भाव वाजवी. काठी मारली की घंटेसारखा लख्ख टोला, पण आमच्या गिटारवाल्याचं नाजूक वाजवणं त्याच्यापुढे टिकलं नसतं. मुलाच्या आईनं स्वयंपाकघरातला काटा दिला: दोन किलो आठशेच्या वर. वीस इंची राईडमध्ये साधारण दोन किलोच्या आतली हलकी, सव्वादोनच्या आसपासची मध्यम, सव्वीसशे ग्रॅमच्या पुढची जड. जड राईडचा टिपका धारदार आणि घुमारा कमी, हलकीचा घुमारा पसरतो आणि कधी कधी टिपकाच गिळतो. वजनावरून आवाज पक्का कळत नाही, कारण ठोके आणि घुमटाचा आकारही बोलतात. पण फोनवर नुसतं वजन विचारलं असतं तरी माझी चिंचवडची फेरी वाचली असती. पुढे प्रत्येकाला मी आधी तेच विचारलं.

मधल्या दोन-तीन सांगण्यासारख्या नाहीत.

मग सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून निरोप आला. काका सत्तरीचे, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता गुडघ्यांमुळे बसवत नाही. माळ्यावरून चादरीत गुंडाळलेली राईड काढली. वीस इंची झिल्जियन. शाईनं छापलेलं नाव पुसून गेलेलं, पण तिरप्या उजेडात धातूत दाबलेला शिक्का दिसला, अरबी लिपीतल्या अक्षरांसकट. या घराण्याची कंपनी १६२३ साली इस्तंबूलमध्ये सुरू झाली आणि १९२९ पासून अमेरिकेत आहे. ‘झिल’ म्हणजे तुर्कीत झांज. शाईचं नाव कुणीही छापेल, म्हणून शिक्का बघायचा.

नख फिरवलं, आतून-बाहेरून, सगळीकडे. कडेला दोन बारीक टवके होते, पण त्यांतून तड निघालेली नव्हती. मधलं भोक एका बाजूला किंचित लांबट झालेलं. स्टँडच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची नळी हरवली की झांज उघड्या आट्यांवर घासत राहते आणि भोक असं चावीच्या भोकासारखं होतं. थोडं असेल तर बिघडत नाही, त्याच्या टोकातून तड सुरू झालेली नसली म्हणजे झालं. मी काकांना दाखवलं. ते म्हणाले, “कार्यक्रमाच्या गडबडीत नळी कुठे पडली कळलंच नाही गं. चूक माझी आहे, किंमत तू सांग.”

काठ्या, फेल्ट (झांजेला लावायच्या मऊ चकत्या) आणि नळी मी घरून नेली होती, स्टँड काकांचा. काठ्या स्वतःच्याच न्याव्यात असं मला ठामपणे वाटतं. नायलॉनच्या टोकानं कुठलीही राईड जास्त लख्ख वाजते, मी लाकडी टोकाची वापरते. आधी अगदी हळू वाजवली, मग रोजच्या लयीत पाच मिनिटं न थांबता, मग घुमटावर, मग एकदा कडेवर जोरात, घुमारा उठून परत टिपके वर यायला किती वेळ लागतो ते ऐकायला. मग काठ्या बेसवाल्याच्या हातात दिल्या आणि मी ओसरीवर जाऊन उभी राहिले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ड्रमवर बसलेल्याच्या कानाशी जो खरखरीत, पसरट आवाज येतो, तो पंधरा-वीस फुटांवर गाळून येतो. जवळून मला ती जरा अंधारी वाटली होती. ओसरीवर एकेक टिपका थेंबासारखा सुटा येत होता आणि त्यांच्यामागे तो घुमारा, तंबोऱ्यासारखा, सलग. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केलं: दोन किलो एकशे ऐंशी. काकांनी साडेचौदा सांगितले होते. भोकाचं धरून मी तेरा म्हटलं. ते थोडा वेळ झांजेकडे बघत राहिले, मग म्हणाले, “तेरा दे. पण वाजवणार आहेस ना? भिंतीला लावायला नको नेऊस.”

घरी आल्यावर नवी नळी आणि फेल्ट घातले, लांबट झालेली बाजू दांड्यावर टेकणार नाही अशी फिरवून ठेवली. पहिल्या तालमीत गिटारवाल्यानं कधी नव्हे ते आवाज कमी केला.

आठवड्यानं काकांचा फोन आला. बाकी काही विचारलं नाही, एवढंच: “वरचा नट ढिला ठेवतेस ना? घट्ट आवळलीस तर तिला हलता येत नाही, मग तडकते बघ.” ढिलाच आहे म्हटलं, आणि फोन राईडजवळ धरून त्यांना थोडं वाजवून दाखवलं.