माँट्रोजचा पै-पै मोजणारा खासदार

स्कॉटलंडमध्ये डंडीहून अ‍ॅबर्डीनकडे जाणारी गाडी वाटेत माँट्रोजला थांबते. गावच्या ऐसपैस हाय स्ट्रीटवर जोसेफ ह्यूमचा पुतळा आहे. ह्यूम म्हटलं की आपल्याला काँग्रेसवाले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन आठवतात. हे त्यांचे वडील. तीस वर्षांहून जास्त काळ ब्रिटिश संसदेत खासदार राहिलेला हा माणूस आपल्याकडे कुणाला फारसा ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

जन्म १७७७ चा. दर्यावर्दी वडील लवकर गेले, आईने इथेच भांड्याकुंड्यांचं दुकान चालवून पोरं वाढवली. जोसेफ एडिंबरात डॉक्टरी शिकला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला गेला, हिंदुस्तानी आणि फारसी शिकला. १८०३ मध्ये मराठ्यांशी युद्ध पेटलं तेव्हा बुंदेलखंडातल्या इंग्रज फौजेबरोबर तो सर्जन आणि दुभाषा होता. सर्दावलेली बंदुकीची दारू सुकवायची युक्तीही त्याचीच. मायदेशी परतला तो सुमारे ४०,००० पौंड गाठीला बांधून. ते कुठल्या लढाईत जमले, हे मराठी माणसाला वाचताना टोचतंच.

१८१२ मध्ये वेमथची जागा त्याने चक्क पैसे मोजून मिळवली, तीही टोरी, म्हणजे सनातनी पक्षाचा म्हणून. पण १८१८ मध्ये अ‍ॅबर्डीन-माँट्रोज भागातून निवडून आला तो पक्का सुधारणावादी होऊन. खर्चाची मागणी सभागृहात आली की ह्यूम उभा राहिलाच. एवढं सैन्य कशाला? या पदावरचा माणूस नेमकं करतो काय? एकेका बाबीवर तो मतदान घ्यायला लावायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. तरी सरकारी खात्यांतल्या खोगीरभरतीवर असा पहारा त्याआधी कुणी ठेवला नव्हता.

त्याचं सर्वांत मोठं काम मला १८२४ चं वाटतं. कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणारे कायदे त्याच्या संसदीय समितीमुळे रद्द झाले. लंडनचा शिंपी फ्रान्सिस प्लेस साक्षीदारांना पढवून पाठवायचा, ह्यूम आत प्रश्न विचारायचा. पुढच्याच वर्षी कायदा पुन्हा आवळला गेला, पण संघटना करणं हा काही गुन्हा उरला नाही. लष्करातल्या फटक्यांच्या शिक्षेविरुद्धही तो वर्षानुवर्षं बोलत राहिला. १८४२ पासून १८५५ मध्ये मरेपर्यंत तो माँट्रोजचाच खासदार होता.

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. मुलाने उभ्या केलेल्या त्या सभेत एक ठराव असा झाला: लष्करी खर्चातली प्रस्तावित वाढ अनावश्यक आहे आणि देशाच्या उत्पन्नाच्या मानाने अवाजवी आहे.