तीन रेघा

रविवार, १८ मे. नागपूर.

आज पहाटे साडेचारला उठलो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायला अजून आठवडा आहे, पण धरमपेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती आताच रात्रभर धगधगत असतात आणि कूलरवाचून कोणाला झोप लागत नाही. कूलरची मोटर सुरू असली की त्याच वायरिंगवरच्या कॅसेट डेकच्या आवाजात बारीक कटकट मिसळते, म्हणून जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी उन्हाळ्यात पहाटेच करतो. सव्वा तास कूलर बंद ठेवण्याची परवानगी कालच घेऊन ठेवली होती.

आजची कॅसेट लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची. १ एप्रिल १९७१ रोजी लंडनच्या लोअर रीजंट स्ट्रीटवरील पॅरिस थिएटरमध्ये या बँडने बीबीसीसाठी मोजक्या श्रोत्यांसमोर कार्यक्रम केला आणि ४ एप्रिलला, रविवारी, तो रेडिओ वनवरून जॉन पील यांच्या निवेदनासह प्रक्षेपित झाला. तो खरे म्हणजे आठवडाभर आधीच व्हायचा होता, परंतु गायक रॉबर्ट प्लांट यांचा गळा बसल्यामुळे पुढे गेला. ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गाणे ज्या अल्बमवर आले तो नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या रविवारी रेडिओसमोर बसलेल्या माणसांनी ते सात महिने आधी ऐकले. माझ्या कॅसेटवर त्या गाण्याचे पहिले सूर येतात तेव्हा सभागृहात टाळी पडत नाही, कारण ते गाणे कोणाच्या ओळखीचेच नाही. पुढच्या पन्नास वर्षांत जगात कुठेही ते सुरू झाले की काय गलका होतो हे आपण जाणतो, आणि म्हणूनच ती सुरुवातीची शांतता मला या ध्वनिमुद्रणातील सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटते.

ही कॅसेट माझ्याकडे १९९३ साली पुण्याच्या एका ज्येष्ठ संग्राहकांकडून आली. त्या काळची रीत अशी होती की दोन कोऱ्या कॅसेट आणि परतीच्या टपालाचे तिकीट पाठवायचे. एकीवर प्रत करून ते परत पाठवत आणि दुसरी त्यांच्याकडे राहत असे. पैशांचा व्यवहार कधीही नव्हता, आजही आमच्यात नाही. डबीतील कागदावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘रेडिओवरून थेट. इंग्लंडमधील आप्तांच्या टेपवरून.’ एवढ्या एका ओळीवर मी तीस वर्षे विश्वास ठेवला होता. ती ओळ खरी असल्याचा पुरावा मला आज सकाळी डोळ्यांनी दिसला.

आवाज उतरवून झाल्यावर मी तो आलेखाच्या रूपात पाहतो. आडव्या दिशेने वेळ आणि उभ्या दिशेने कंप्रता, असे ते चित्र असते. विजेवर चालणारे कोणतेही यंत्र ध्वनिमुद्रण करताना घरच्या विजेची गुणगुण थोडीफार फितीवर सोडते. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे विजेची कंप्रता ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे ही गुणगुण आलेखाच्या तळाशी ५० च्या जागी एका बारीक आडव्या रेघेसारखी दिसायला हवी. माझ्या आलेखात तिथे तीन रेघा होत्या. एक बरोबर ५० वर, म्हणजे आज पहाटेची, माझ्या घरची. दुसरी किंचित खाली सरकलेली आणि तिसरी, सर्वांत पुसट, ५१ वर. कोणत्याही दोन डेकच्या मोटरी अगदी एका वेगाने फिरत नाहीत. एका डेकवर भरलेली फीत दुसऱ्यावर वाजवली की आवाजाबरोबर तिच्यातली गुणगुणही त्या फरकाएवढी वरखाली सरकते, आणि नव्या प्रतीवर नव्या घराची नवी रेघ उमटते. इंग्लंडमधले ते घर, पुण्यातले ते घर आणि हे धरमपेठेतले घर अशी तिन्ही घरे एकाखाली एक दिसत होती. चहा निवून गेला तरी मी त्या चित्रासमोरून उठलो नाही.

त्या पुसट रेघेचा उपयोगही मोठा आहे. ती ५१ वर आहे याचा अर्थ कार्यक्रम माझ्याकडे २ टक्के जास्त वेगाने वाजत होता. तासाभराच्या कार्यक्रमात सत्तर सेकंदांहून अधिक फरक, आणि सूरही तेवढाच चढा. मी संपूर्ण ध्वनिमुद्रणाचा वेग एवढाच कमी केला की ती रेघ ५० वर येऊन बसावी. गिटार लगेच माणसात आली. प्लांट यांच्या आवाजातला तो पातळ ताण, जो मी इतकी वर्षे त्यांच्या दुखऱ्या गळ्याचा समजत होतो, तो बराचसा फितीचा होता.

संध्याकाळी समोरच्या घरातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी आला. तो नव्याने या बँडच्या नादी लागला आहे आणि त्याचे प्रेम खरे आहे. दोन मिनिटे ऐकून तो म्हणाला, “काका, खरखर फार आहे हो यात. सॉफ्टवेअरमधून काढून टाका ना, एका क्लिकचं तर काम आहे.” मी त्याला आलेख दाखवला आणि सांगितले की ती क्लिक सर्वांत आधी या तीन रेघाच पुसून टाकेल.

मला हे कळण्यासाठी एक दुखणे सोसावे लागले आहे. मी काही वर्षांपूर्वी ज्यांना एक प्रत दिली होती, त्यांच्याकडून हातोहात फिरत ती परत माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यातील खरखर गेली होती, आणि तिच्याबरोबर ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या झांजांची किनार, दोन गाण्यांमधले श्रोत्यांचे खोकणे आणि पील यांचे निवेदनही गेले होते. वर ‘मूळ टेपवरून’ असे लिहिले होते. झांजा गेल्याचे दुःख झालेच, पण त्या खोट्या ओळीचे अधिक झाले.

१९७१ च्या सुमारास ब्रिटिश रेडिओवर तबकड्या किती तास वाजवाव्यात यावर वादकांच्या संघटनेशी झालेल्या कराराची मर्यादा होती आणि म्हणून बीबीसी बँडना बोलावून स्वतः ध्वनिमुद्रण करीत असे. टेप महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. मार्च १९६९ मध्ये लेड झेपेलिनने बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरील अ‍ॅलेक्सिस कॉर्नर यांच्या कार्यक्रमासाठी केलेले ध्वनिमुद्रण असेच नाहीसे झाले. २०१६ साली बँडने बीबीसीवरील ध्वनिमुद्रणांचा विस्तारित संच काढला तेव्हा त्यात ते आले, त्यातील ‘सनशाइन वुमन’ हे अन्यत्र कुठेच नसलेले गाणेही आले, आणि हे सगळे घेतले गेले ते एका श्रोत्याने घरच्या रेडिओवरून भरून ठेवलेल्या टेपवरून. त्यात खरखर आहे, आवाज दबलेला आहे, आणि तरीही बँडचे गिटारवादक जिमी पेज यांनी त्याला अधिकृत संचात जागा दिली. तो संच मी विकत घेतला आहे, आणि माझ्याकडे प्रत मागणाऱ्या प्रत्येकाला तो आधी घ्यायला सांगतो. आमच्या प्रती त्याच्या जागी ठेवण्यासाठी नाहीत. त्या प्रक्षेपण घरोघरी जसे पोहोचले तसे ऐकण्यासाठी आहेत.

विद्यार्थ्याला मी फ्लॅक स्वरूपातील, म्हणजे आवाजातले काहीही न गाळणाऱ्या, दोन फाइली दिल्या, एक जशीच्या तशी आणि एक फक्त वेग सुधारलेली. सोबत मराठीत टिपण: कोणत्या तारखेचे प्रक्षेपण, कोणामार्फत आले, किती पिढ्या, म्हणजे प्रतीवरून प्रत किती वेळा झाली, कोणत्या डेकवर वाजवले, फीत वाचणारे हेड किती फिरवून बसवले, वेग किती टक्के बदलला, आणि मध्ये टेप उलटताना गेलेल्या क्षणांचा खंड कुठे आहे. पुढे कोणाला दिलेस तर हे टिपण सोडून देऊ नकोस, एवढेच त्याच्याकडून कबूल करून घेतले.

तो गेल्यावर मामांची कॅसेट काढली. ते दिवसा नागपूर आकाशवाणी ऐकत आणि रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी लावत. या बँडचे नाव मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. त्यांनी एका रात्री रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटवर मी बारावीच्या वर्षी पाठांतरासाठी भौतिकशास्त्राची उत्तरे भरली. त्यांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, विचारायचं तरी होतं.” मामा जाऊन आता नऊ वर्षे झाली.

आज ती कॅसेट प्रथमच शेवटपर्यंत वाजवली. माझा तेव्हाचा आवाज प्रकाशाच्या अपवर्तनाचे नियम म्हणत म्हणत थांबतो, बटण दाबल्याचा खट आवाज येतो, आणि मग अकरा सेकंद, लाटेसारखी वरखाली होणारी एक गिटार. कार्यक्रम कोणता, बँड कोणता, काही ओळखू येत नाही. ती अकरा सेकंदे मी वेगळी काढली, वेगाला हात लावला नाही, आणि फाइलला नाव दिले: ‘मामा. शॉर्टवेव्ह. धरमपेठ.’