जांबोटीच्या वाटेवरचा फोड

गोव्याहून पंढरपूरला पायी वारी केली, तर वाटेतल्या चोर्ला घाटाबद्दल सगळे विचारतात, धुकं कसं होतं, अंजुण्याचं धरण वरून दिसलं का. काही दिसलं नाही. पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस आणि आपले पाय, बस्स. केरीहून चढताना रेनकोटच्या आत घामानेच इतकं भिजायला होतं की तो घातलाच कशाला असं वाटतं. त्याआधी साखळी गावी विठ्ठलापुरात आरती झाली, फोटो झाले, ते सोडून देते.

आई जाऊन वर्ष उलटलं होतं आणि मी अजून भाजी फोडणीला टाकता टाकता गॅस बंद करून नुसती बसून राहायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, वर्षानंतरही दुःख तेवढंच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडत असेल तर त्याला आता वेगळं निदान आहे, २०२२ मध्ये ते डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, आलं. डिप्रेशन होतंच, त्यासाठी गोळी सुरू झाली आणि जोडीला समुपदेशन. वारीला जाऊ का विचारलं तर म्हणाल्या, जा, फक्त गोळी चुकवू नका. त्यांना एवढ्यात पटलं, पण मावशी म्हणाली विठ्ठलाच्या पायावर घाल सगळं, गोळ्या कसल्या खातेस, आणि ऑफिसातला एक म्हणाला चालून बरं वाटायला लावणारे एंडॉर्फिनच हवेत ना, मग मिरामारच्या किनाऱ्यावर चाल की, पंढरपूर कशाला. दोघांचाही सारखाच राग आला.

कणकुंबीला माउलीचं देऊळ, मलप्रभेचं उगमस्थान, हात जोडले, निघालो. जांबोटीच्या वाटेवर दुपारी पाय गेला. मोजे ओले, टाचेवर हा एवढा फोड, आणि पुढे टाळ चाललेत, मागचा माणूस 'माउली चला, चला माउली' करतोय, त्याला एक द्यावीशी वाटली खरं सांगते. शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसले. आमच्याच दिंडीतली सत्तरीची एक आज्जी मागे फिरली.

"खंयची गे तूं?"

"फोंड्याची."

"पांय हांगा दवर."

माझा चिखलाचा पाय सरळ मांडीवर घेतला तिने. पिशवीतून सुई-दोरा काढला. मी म्हटलं आज्जी दोरा नको, आत राहिला की जंतूंना वाटच मिळते, वरची कातडी पण काढायची नाही. "कातडी कोण काढतंय गे!" म्हणून खेकसली माझ्यावर. मग आमचा सौदा झाला. दोरा राहिला पिशवीत, सुई तिने लायटरवर तापवली, मी बेटाडीन ओतलं, तिने फोडाच्या कडेला बारीक टोचून पाणी काढलं आणि वर माझ्याकडची पट्टी. सगळं होईपर्यंत दिंडी दिसेनाशी झाली. आज्जीला काही घाई नव्हती. तिने दुकानातून दोन चहा घेतले, मला पैसे देऊ दिले नाहीत, आणि पूर्ण वेळ सुनेची तक्रार केली. तेव्हा सुनेची बाजू घ्यायचा मोह मी टाळला.

त्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून गोळी घेत होते तर ही मागे उभी. "हांव बीपीची घेतां. तूं कसली?" मी म्हटलं, मनाची. "बरें. विसरूं नाका." तेवढंच. दिंडीतल्या एका काकांनी मात्र ऐकलं आणि वारीत आल्यावर औषध सोडायचं असतं म्हणून लेक्चर दिलं. अशी गोळी एकदम सोडली तर चक्कर येते, झटके बसल्यासारखं होतं, हे त्यांना सांगितलं तर म्हणे श्रद्धा कमी पडते. आज्जी म्हणाली, "तुमचं इन्सुलिन कुठं ठेवलंय हो?" काका झोपायला गेले.

मिरजेच्या अलीकडे की पलीकडे ते आठवत नाही, दिवस सगळे एकात एक मिसळलेत, पण पाऊस मागे राहिला होता. संध्याकाळी हरिपाठ चालू होता. आमच्या शेजारी ख्रिश्चन घरात रोज तेर्स, म्हणजे रोझरीची जपमाळ, म्हणतात, तो सूर लहानपणापासून कानात आहे, आणि इथे बसून मला आठवलं की २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेलं, रोझरी म्हणताना आणि मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय त्याला जुळते. इटलीत केलेला छोटासाच अभ्यास, तेवीस माणसांचा. आता हे आत्ता कशाला आठवायचं, गप्प म्हण ना बाई, असं स्वतःवर चिडत होते आणि चिडता चिडता रडायला आलं. आई गेली तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून जे रडले नव्हते ते सगळं. कोणी पाणी आणलं नाही, कोणी उगी उगी केलं नाही, टाळ थांबले नाहीत. श्वास सहा होते की सोळा, कोण मोजणार. नाक वाहत होतं आणि रुमाल सॅकमध्ये.

पंढरपुरात रांग बघूनच कळसाला हात जोडले आणि बस धरली. डॉक्टरबाईंनी डोस तोच ठेवलाय, झोप सुधारलीय म्हणाल्या, सेशन चालू आहेत, त्यात बराच वेळ आईवर जातो आणि आता ते जमतं. आज्जीचा फोन येतो, आधी गुळी घेतली का विचारते, मग सून. तिची स्वतःची बीपीची संपली की दोन-दोन दिवस आणत नाही, म्हणून तिच्या नातवाला मी दर महिन्याला मेसेज टाकते.