विंडोज ११ नंतर लॅपटॉप बंदही होईना आणि झोपेही ना: माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून मी लॅपटॉपवर विंडोज ११ चं अपग्रेड घेतलं. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, सगळ्या अटींत बसणारं मशीन. अपग्रेड विनातक्रार झालं आणि त्याच रात्रीपासून तीन गोष्टी बिघडल्या. शट डाउन केल्यावर स्क्रीन काळी व्हायची, पण पंखा आणि पॉवरचा दिवा चालूच राहायचे. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तासाभरात गरम व्हायचा. आणि टेबलावर स्लीपमध्ये ठेवला, तर रात्री कधीतरी आपोआप जागा व्हायचा.

हे तीन वेगळे बिघाड असू शकतात हे आधी ओळखायला हवं. सगळ्यांना एकच उपाय लावत बसलं की दोन दुरुस्त होतात, तिसरा नवीन तयार होतो आणि नक्की कशानं काय झालं ते कळत नाही. म्हणून मी नियम ठरवला: एका रात्रीत एकच बदल. झोपताना बॅटरीचा आकडा वहीत, सकाळी परत आकडा वहीत.

पहिलं काम मात्र वेगळंच. अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परतायला १० दिवस मिळतात (सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, गो बॅक). शोधाशोधीत हे दिवस सहज संपतात. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६० ही कमांड दिली की मुदत ६० दिवसांची होते. १० दिवस उलटल्यावर ती देऊन उपयोग नाही. इथल्या सगळ्या कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मी देवनागरीत जिथे जोडून लिहिलं आहे तिथे मध्ये जागा सोडायची नाही.

आता शट डाउन. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असताना शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम आणि लॉगिन बंद होतं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्सची (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) स्थिती डिस्कवरच्या हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. हायबरनेटमध्ये उघड्या कामासकट सगळंच असं डिस्कवर लिहून मशीन बंद होतं, म्हणजे शट डाउन हे खरं तर अर्धं हायबरनेट असतं. रीस्टार्ट मात्र पूर्ण असतं. यामुळेच ‘रीस्टार्ट केलं की ठीक, बंद करून चालू केलं की पुन्हा तेच’ असं कोडं पडतं: अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच अडकलेला परत येतो.

हे तपासायला टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रात्री बंद करून सकाळी चालू केलेल्या मशीनवर तिथे दोन-तीन दिवसांचा आकडा दिसला, तर फास्ट स्टार्टअप चालू आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) कर्नल-बूटची २७ क्रमांकाची नोंद तेच सांगते: बूटचा प्रकार ० असेल तर पूर्ण सुरुवात, १ असेल तर फास्ट स्टार्टअप, २ असेल तर हायबरनेटमधून परत.

मग तुलना केली. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की फास्ट स्टार्टअप त्या वेळेपुरतं वगळलं जातं. असं केल्यावर माझा लॅपटॉप पूर्ण बंद झाला, पंखा थांबला, दिवा विझला. साध्या शट डाउननं अडकला. मग मुद्दाम हायबरनेट करून पाहिलं, तर तिथेही अडकला. दोन्हीत सामाईक भाग एकच: मशीनला हायबरनेटच्या अवस्थेत नेण्याची शेवटची पायरी. ती पायरी विंडोज एकटं पार पाडत नाही. त्यात बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) आणि चिपसेटचे (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपचे) ड्रायव्हर्स असतात.

इथे बरेच जण फास्ट स्टार्टअप बंद करून मोकळे होतात. जागा अशी: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ आधी दाबावी लागते, नाहीतर खालचे चौकोन फिकेच राहतात. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढायची. तात्पुरता उपाय म्हणून उत्तम, पण माझ्या बाबतीत हायबरनेट तरीही मोडलेलंच राहिलं असतं आणि बॅटरी संपत आल्यावर न साठवलेलं काम वाचवायला तेच लागतं.

इव्हेंट व्ह्यूअरबद्दल एक इशारा. विंडोज लॉग्ज, सिस्टम इथे कर्नल-पॉवर ४१ अशी गंभीर दिसणारी नोंद सापडते आणि लोक तिच्यामागे लागतात. ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. बटण दहा सेकंद दाबून धरलं तरी ती येते. तिच्या डिटेल्समध्ये जाऊन बगचेककोड बघा. तो ० असेल तर विंडोज कोसळलेलं नाही, वीज तुटली किंवा तुम्ही तोडली. तो १५९ असेल तर मात्र एखादा ड्रायव्हर वीज-अवस्था बदलताना वेळेत उत्तर देत नाही असा सरळ अर्थ आहे. ६००८ म्हणजे अनपेक्षित बंद, १०७४ म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमनं किंवा वापरकर्त्यानं बंद करायला सांगितलं त्याची नोंद. माझ्याकडे ४१ होती, कोड ०. म्हणजे कोसळणं नव्हतंच, लटकणं होतं.

इंटेल प्रोसेसरच्या मशीनवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टम डिव्हायसेसखाली मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस नावाचं उपकरण असतं. प्रोसेसरसोबतच्या चिपसेटमधला हा छोटा स्वतंत्र नियंत्रक. मशीन बंद होताना आणि हायबरनेटमध्ये जाताना त्याचाही सहभाग असतो. अपग्रेडनं त्याचा ड्रायव्हर बदलला होता, आणि उत्पादकाच्या सपोर्ट पानावर माझ्या मॉडेलसाठी दिलेली आवृत्ती वेगळी होती. खात्री करायला उपकरणावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल डिव्हाइस’ केलं, रीस्टार्ट केलं आणि साधं शट डाउन दिलं. दिवा विझला. दोन वेळा परत करून पाहिलं, दोन्ही वेळा विझला. गुन्हेगार सापडला होता. डिसेबल केलेलं ठेवून देणं मात्र मी टाळलं. ती चाचणी आहे, दुरुस्ती नव्हे.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा: आधी बायोस, मग चिपसेट, मग मॅनेजमेंट इंजिन, शेवटी ग्राफिक्स आणि वाय-फाय. प्रत्येकानंतर रीस्टार्ट. फाइल्स लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून उत्पादकाच्याच सपोर्ट पानावरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारी सॉफ्टवेअर वापरू नका. ती सर्वात नवी आवृत्ती टाकतात आणि इथे तर नव्या आवृत्तीनंच घोळ झाला होता. बायोसला हात लावण्याआधी चार्जर जोडलेला हवा आणि बॅटरीही निम्म्याहून जास्त भरलेली हवी, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी काम अर्धवट तुटत नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ते आधी सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोस बदलल्यावर मशीन ती मागू शकतं आणि ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर गेलाच समजा.

मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर उत्पादकाच्या आवृत्तीवर आणला आणि शट डाउन व हायबरनेट दोन्ही सरळ झाले. एवढ्यात बऱ्याच जणांनी सुचवलेली एसएफसी /स्कॅननाऊ चालवून झाली होती. ती विंडोजच्या मोडक्या फाइल्स शोधते; ड्रायव्हर धडधाकट पण चुकीचा असेल तर तिला काहीच दिसत नाही.

आता बॅगेत तापण्याचा प्रश्न. इथे पहिली कमांड पॉवरसीएफजी /ए. ती मशीनला कोणत्या झोपा येतात ते सांगते. ‘एस३’ दिसलं तर जुनी, गाढ झोप: रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद. ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय: मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं असतं, अधूनमधून मेल-अपडेट बघतं. माझ्याकडे एस०. हा प्रकार फर्मवेअर (म्हणजे बायोसच) ठरवतं, त्यामुळे अपग्रेडनं तो बदलत नाही. बदलतात ते त्यावर चालणारे ड्रायव्हर. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक किंमत घालून एस३ जबरदस्तीनं आणायची युक्ती प्रचलित आहे. फर्मवेअरमध्ये एस३ नसेल तर त्यानंतर लॅपटॉप झोपेतून उठतच नाही किंवा स्लीपचा पर्यायच नाहीसा होतो. मी ती केली नाही आणि करू नका असंच सांगेन. काही मॉडेल्सच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडायची सोय असते. ती असेल तर तिथून जरूर बदला.

एस० असलेल्यांना खरा आधार पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी या अहवालाचा. ॲडमिनिस्ट्रेटर टर्मिनलमधून दिली की अहवाल सहसा सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२ या फोल्डरमध्ये जातो आणि लोक तो डेस्कटॉपवर शोधत बसतात. एरवी शेवटचे तीन दिवस दिसतात, /ड्युरेशन लावून २८ पर्यंत जाता येतं. ब्राउझरमध्ये उघडला की झोपेचं प्रत्येक सत्र रंगीत ओळीनं दिसतं. लाल ओळीवर क्लिक करा, ‘टॉप ऑफेंडर्स’ बघा. शिवाय सत्रातला किती टक्के वेळ हार्डवेअर खरोखर सर्वात खालच्या अवस्थेत होतं तो आकडा बघा. माझ्या लाल सत्रांत तो २० च्याही खाली होता आणि यादीत सर्वात वर वाय-फाय ॲडॉप्टर. आठ तासांत ३१ टक्के बॅटरी गेली होती. वाय-फायचा ड्रायव्हरही उत्पादकाच्या आवृत्तीवर आणला. दुसऱ्या रात्री तोच आकडा ९० च्या वर आणि खर्च ५ टक्के.

तरीही बॅगेत नेताना मी आता स्लीपवर विसंबत नाही. बॅटरीवर असताना झाकण मिटलं की हायबरनेट, चार्जरवर असताना स्लीप, असं त्याच पॉवर ऑप्शन्समधून लावलं आहे. हायबरनेटचा पर्याय दिसतच नसेल तर पॉवरसीएफजी /एच ऑन द्या. तरीही नाही दिसला तर हायबरफिल फाइल छोट्या प्रकारची असते. ती फक्त फास्ट स्टार्टअपपुरती पुरते. पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल दिलं की पूर्ण होते. पूर्ण फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबीला सुमारे ६.४ जीबी, छोटी त्याच्या निम्मी. एसएसडीवर तेवढी जागा मोकळी ठेवा. उलट /एच ऑफ दिलं तर फाइल आणि तिच्यासोबत फास्ट स्टार्टअप, दोन्ही जातात. जागा वाचवायला ही कमांड देणाऱ्यांना आपलं हायबरनेट कुठे गेलं ते नंतर कळत नाही.

तिसरा त्रास, रात्रीचं जागं होणं, सर्वात सोपा निघाला. पॉवरसीएफजी /लास्टवेक फक्त शेवटचं कारण सांगते, आणि सकाळी झाकण उघडल्यावर ते कारण ‘झाकण’च असतं. म्हणून इव्हेंट व्ह्यूअरच बरा. एस३ मशीनवर पॉवर-ट्रबलशूटरची १ क्रमांकाची नोंद, एस० मशीनवर कर्नल-पॉवर ५०६ (झोपेत गेलं) आणि ५०७ (बाहेर आलं), कारणासकट. मग पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड: मशीनला उठवायची परवानगी असलेली उपकरणं. माझ्या यादीत वायरलेस माउस होता. टेबल हललं तरी तो लॅपटॉपला उठवत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’वरची खूण काढली, संपलं. कीबोर्डची परवानगी ठेवा, नाहीतर बाहेरचा मॉनिटर लावून झाकण मिटून काम करणाऱ्यांची पंचाईत होते. पॉवरसीएफजी /वेकटायमर्स ही ठरलेल्या वेळी उठवणारी कामं दाखवते. पॉवर प्लॅनमध्ये ‘अलाऊ वेक टायमर्स’ बॅटरीसाठी डिसेबल करून ठेवावं.

उलटा त्रास, म्हणजे झोपच न येणं, असेल तर पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स. तिथे सिस्टमखाली ‘ॲन ऑडिओ स्ट्रीम इज करंटली इन यूज’ दिसलं, तर ब्राउझरच्या एखाद्या टॅबनं किंवा मीटिंगच्या ॲपनं आवाजाचा मार्ग धरून ठेवला आहे. टॅब बंद करून कमांड परत द्या. सगळीकडे ‘नन’ आलं पाहिजे.

एकाच डिस्कवर लिनक्सही ठेवणाऱ्यांनी मात्र, सगळं दुरुस्त झालं तरी, फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं. विंडोजचं पार्टिशन अर्धवट उघडं राहतं, लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि जबरदस्तीनं लिहिलं तर फाइल्स खराब होतात.

विंडोज अपडेट मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर पुन्हा बदलू शकतं. म्हणून चालणारा इन्स्टॉलर मी पेनड्राइव्हवर ठेवला आहे आणि आवृत्तीचा क्रमांक वहीत. महिन्याचं अपडेट झालं की डिव्हाइस मॅनेजर उघडून क्रमांक ताडून बघतो आणि एकदा शट डाउन करून दिवा विझतो का ते पाहूनच लॅपटॉप बॅगेत ठेवतो.