सहस्रधारा, डिसेंबर २०२१: नदी सोपी, गाडी अवघड

व्हाइटवॉटर कयाक, म्हणजे खळाळत्या पाण्यात एकट्याने वल्हवायची छोटी बंदिस्त होडी, साधारण अडीच मीटर लांब, वल्हं दोन मीटरच्या आतबाहेर, डोक्यावर उघडं आकाश. पाण्यात माणसं आपसूकच लांब राहतात. करोनाची लागण व्हायची ती जाता-येता गाडीत, कपडे बदलताना आणि काठावर चहाभोवती जमलेल्या घोळक्यात. म्हणून इंदूरहून सहलीचं ठरवताना आम्ही आधी गाड्यांचा हिशोब केला, नदी त्यानंतर निवडली.

लांब पल्ल्याच्या प्रवाहात एक गाडी वर आणि एक खाली ठेवावी लागते. शेवटी ओले, दमलेले सगळे एकाच गाडीत कोंबून वर परततात. महामारीत नेमकं हेच नको होतं. महेश्वरची सहस्रधारा इथे सोयीची ठरते. बेसाल्टच्या पसरलेल्या खडकांत नर्मदा असंख्य धारांत फुटते, एका धारेतून उतरायचं आणि कयाक खांद्यावर टाकून काठाने चालत पुन्हा वर यायचं. गाडी हलवावीच लागत नाही. जागा स्पर्धेच्या तोडीची आहे: २०२३ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतली स्लॅलम, म्हणजे टांगलेल्या फाटकांमधून होडी काढायची शर्यत, इथेच झाली.

सहा जण, तीन गाड्या. पाण्यावर तिघांपेक्षा कमी नसावेत: एक अडचणीत, एक मदतीला, एक निरोप घेऊन पळायला. सहापेक्षा जास्त झाले की काठावर गर्दी आणि पाण्यात कोण कुठे आहे याचा पत्ता नाही. तिघातिघांचे दोन गट केले. शक्यतो एकाच घरातली माणसं एका गटात ठेवली आणि बुडत्याला आधी त्याच्याच गटातला हात देईल असं ठरवलं. अर्थात हा नियम पहिल्या काही सेकंदांपुरता. त्यानंतर जो जवळ असेल तो.

अटी सोप्या, पण सवलत कुणालाच नाही. लशीचा दुसरा डोस होऊन किमान १४ दिवस. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर असल्यामुळे काहींची नावं इथेच गळली. निघायच्या आदल्या संध्याकाळी रॅपिड चाचणी. घरात कुणाला ताप असला तरी घरीच थांबायचं. ज्यांना करोना होऊन गेला त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न: जिना चढताना धाप लागते का, छातीत दुखतं का, धडधडतं का? यातलं एकही असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. उलट्या कयाकखाली श्वास रोखून धरताना हृदय-फुप्फुसांची खरी परीक्षा होते, ती नदीत घेऊ नये.

२३ डिसेंबरपासून मध्य प्रदेशात रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी लागली होती, म्हणून इंदूरच्या राजेंद्र नगरहून उजाडता उजाडता निघालो. प्रत्येक गाडीत दोघंच: एक चालवणारा, दुसरा मागच्या सीटवर तिरक्या कोपऱ्यात. समोरासमोरच्या खिडक्या चार बोटं उघड्या, एसी बंद, तोंडावर एन-९५. झडप असलेला मास्क नको, त्यातून आपला श्वास गाळला न जाता बाहेर पडतो. राऊ, महू, मानपूरपर्यंत हे छान चालतं. पुढे गणेश घाटात उघड्या खिडकीतून ट्रकचा धूर येतो, त्याला इलाज नाही. या उतारावर जड ट्रकांचे ब्रेक निकामी होतात, तेव्हा खालचा गिअर टाकायचा आणि ट्रकच्या पुढे रेंगाळायचं नाही. टपावर दोन कयाक स्पंजच्या ठोकळ्यांवर, बकलच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. रॅचेटने, म्हणजे खटक्याच्या दांडीने, करकचून आवळलं की प्लॅस्टिकला पोचा पडतो. पट्टीला एक पीळ दिला तर वाऱ्यात ती भुणभुणत नाही.

इंदूरकराला पोह्यांशिवाय सकाळ उजाडत नाही, पण पोहे-जलेबीच्या ठेल्यावरची खेटाखेटी परवडणारी नव्हती. पोहे घरूनच, ज्याचा त्याचा डबा, शेव वेगळ्या पुडीत. धामनोद न थांबता मागे टाकलं. महेश्वरपर्यंत जेमतेम शंभर किलोमीटर.

काठावर पहिलं काम पाण्याचा अंदाज घेण्याचं. वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि त्याच्याही वर इंदिरा सागर, दोन्हीकडे वीज बनते. टर्बाइन सुरू झालं की काही वेळाने इथलं पाणी चढतं, आकाशात ढग नसला तरी. एप्रिल २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या जत्रेत असंच अचानक पाणी वाढून अनेक भाविक वाहून गेले. पाण्याच्या कडेला दगड ठेवून खूण केली आणि दर पंधरा मिनिटांनी पाहत राहिलो. खूण बुडाली, पाणी गढूळलं किंवा पालापाचोळा वाहत आला की सगळे बाहेर, चर्चा काठावर. सकाळी घाटावरच्या नाववाल्या काकांना ‘नर्मदे हर’ म्हणून लांबूनच विचारलं तर आदल्या दिवशीचं पाणी कळतं. ही माहिती तेव्हा आम्हाला कुठल्या ॲपवर मिळाली नाही.

तरणतलाव बरेच महिने बंद होते, त्यामुळे पालथी कयाक सरळ करण्याचा, म्हणजे रोलचा हात सगळ्यांचाच गंजलेला असणार हे धरूनच चाललो. धारांच्या वरच्या संथ पाण्यात प्रत्येकाने आधी स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती बसून कयाकचं तोंड झाकणाऱ्या पडद्याची, दोरी ओढून बाहेर पडून दाखवायचं, मग दोन्ही बाजूंनी रोल. ज्याचा एका बाजूचा रोल फसला त्याने फक्त कडेच्या धारा करायच्या. एरवी झेपतं त्यापेक्षा एक पायरी सोपं पाणी निवडलं. इस्पितळं आधीच दमलेली असताना निखळलेला खांदा घेऊन तिथे जाणं बरोबर नव्हे.

धार निवडताना तिचा शेवट डोळ्यांनी दिसलाच पाहिजे. जिथे पाणी दगडांच्या फटीत शिरून गुडूप होतं, ती कितीही लहान असली तरी सोडायची. पाणी जातं, माणूस अडकतो. सरळ रेषेत पडणाऱ्या धारेखालचं पाणी मागे खेचतं, तीही नको. कयाकबाहेर पडलात तर उताणे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने. गुडघ्याहून खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचंच नाही. बेसाल्टच्या भेगेत पाऊल रुतलं की प्रवाह माणसाला पुढे आडवा करतो. म्हणून चप्पल किंवा सँडल चालत नाही, बंद बूट हवेत.

वाचवण्याचा क्रम जुनाच आहे: आधी ओरडून सांगा, मग वल्हं पुढे करा, मग दोरी फेका, मग कयाक घेऊन जा, सगळ्यात शेवटी स्वतः उडी. महामारीत त्याचा वेगळा फायदा लक्षात आला: वाचवणाऱ्याला कमी धोका असलेल्या पायऱ्यांतच अंतरही जास्त राहतं. २० मीटरची तरंगणारी दोरी घेऊन एक जण धारेच्या खालच्या बाजूला उभा. दोरी पकडणाऱ्याने ती खांद्यावरून घ्यायची, मनगटाला कधीही गुंडाळायची नाही. पालथ्या झालेल्याने दुसऱ्याच्या कयाकचं नाक पकडून उठायचं, तोंडं मीटरभर तरी दूर राहतात. एक शिटी म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट; उभं वल्हं ‘या’, आडवं ‘थांबा’.

पाण्यात मास्क नको, अगदी नको. ओलं कापड नाकाला चिकटलं की श्वास कोंडतो. कोरडा मास्क झिपच्या पिशवीत, काठावर येताच चढवायला. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते श्वास कोंडल्यामुळे, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही, कृत्रिम श्वासही द्यावा लागतो: ३० दाब, २ श्वास. त्यासाठी तोंडाला तोंड न लावता श्वास देता येणारा एकेरी झडपेचा पॉकेट मास्क प्रत्येक गटाकडे हवाच.

नाक बंद ठेवणारी नोज क्लिप फार कामाची. एरवी सायनसमध्ये शिरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत नाकातून गळतं आणि सर्दी झाली की काय असा घोळ होतो. ऑक्सिमीटरचंही तसंच, गारठलेल्या बोटावर तो खोटा कमी आकडा दाखवतो. हात कोरडे करून, चोळून ऊब आणून मगच लावा.

साहित्य ज्याचं त्याचं, हेल्मेटवर ओळखीसाठी रंगीत टेप. ब्लीच निओप्रीन (पाण्यातल्या कपड्यांचं रबरी कापड) आणि नायलॉनच्या पट्ट्या खराब करतं. साबणाचं पाणी आणि सावलीत वाळवणं पुरतं. सॅनिटायझर चुलीजवळ नको आणि वल्हं हातात घेण्याआधीही नको, जेलने पकड सुटते. आमच्यात काठावर चूल पेटलीच नाही, थर्मासमधला चहा, तोही वाऱ्याकडे पाठ करून, पांगून.

परतल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा चाचणी. कोण कुणाच्या गाडीत, कुणी कुणाला पाण्यातून ओढलं याची चिठ्ठी १४ दिवस जपली, म्हणजे कुणी पॉझिटिव्ह निघालाच तर सगळ्यांऐवजी कुणाला फोन करायचा हे लगेच कळलं असतं.