वरच्या पट्ट्यातले डाग: चूक केसांची नव्हती, जेटची होती

शुद्ध पाणी सोडणाऱ्या लांब पोलच्या ब्रशने मी खिडक्या बाहेरून धुतो. मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं, नायलॉनचा ब्रश काढून डुकराच्या केसांचा लावला की काचेच्या वरच्या पट्ट्यातले डाग जातील. गेले नाहीत. तिसरा ब्रश झाला, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ०००, तरी काच वाळली की वरच्या वीतभर भागात पांढरट ठिपके हजर. खालची काच मात्र लख्ख.

शनिवारी धाकट्या भावाला बाहेर पोल धरून उभं केलं आणि मी आत, काचेला नाक लावून. हे आधीच करायला हवं होतं. ब्रशवरच्या दोन पेन्सिल जेटांनी (सरळ, बारीक धार सोडणाऱ्या तोट्यांनी) वरच्या भागात फक्त दोन स्वच्छ वाटा काढल्या होत्या. मधल्या चार बोटं जागेत पाणी पसरतच नव्हतं, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब होऊन जागच्या जागी बसून होतं. त्यातल्या एका थेंबात चौकटीवरून आलेला काळा कण मला स्पष्ट दिसला. वीतभर खाली तेच पाणी एकसंध चादरीसारखं उतरत होतं.

म्हणजे काच एकच, पण वरच्या पट्टीच्या रबरातून आणि सिलिकॉनमधून उतरलेल्या चिकट थरामुळे तेवढा भाग पाणी झटकतो. पाणी कितीही शुद्ध असू द्या, थेंबाने चौकटीची घाण उचलली की वाळल्यावर ती तिथेच राहणार. केस बदलून यात काय फरक पडणार होता?

मग जुनाच नायलॉनचा ब्रश चढवला आणि पेन्सिल काढून पाणी पंख्यासारखं पसरवणारे फॅन जेट बसवले. बसवले म्हणजे अर्धा तास झटापट केली. विकणाऱ्याने छिद्राचं माप कुठेच दिलं नव्हतं, एक जेट घट्ट आणि दुसरा सैल. सैल असलेल्याला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले. पाणी सोडलं, आणि दोन्ही पंखे बरोबर मध्यावर एकमेकांवर आले! थेंब ढकलले जाऊन खाली गेले. वाळेपर्यंत मी तिथून हललो नाही. एकही ठिपका नाही. महिनाभराचा वैताग त्या एका काचेवर फिटला.

आनंद दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकला. तिसऱ्यावर पाण्याचा पंखा मलूल होऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच लोंबायला लागला. पंपाचा जोर ठरवणारा कंट्रोलर वाढवला तेव्हा जमलं, पण जे पिंप दहा खिडक्यांना पुरायचं ते सातमध्ये संपलं.

ब्रशबद्दल माझं मत आता पक्कं आहे. रोजच्या कामाला टोकं मुद्दाम चिरलेलं नायलॉन, कारण ते काचेवर सरकतं आणि हलकं राहतं. डुकराचे केस वाळलेली पक्ष्यांची शीट खरवडायला उत्तम, पण भिजले की पोलच्या टोकाला जड होतात आणि खांदे बोलायला लागतात. आणि गूजनेकशिवाय, म्हणजे ब्रशचा कोन वळवणाऱ्या वाकड्या जोडाशिवाय, तिसऱ्या मजल्यावर जाऊच नका. ब्रश काचेला सपाट टेकला नाही तर निम्मे केस हवेतच फिरतात.

पुढचा बेत रिन्स बारचा, म्हणजे काच धुऊन काढायला जेट बसवलेल्या आडव्या नळीचा होता. तो ब्रशच्या वर बसतो, म्हणजे टोकाला वजन वाढणार. वाय (एका नळीच्या दोन वाटा करणारा जोड) लावून पेन्सिल आणि फॅन दोन्ही एकदम चालवावेत असंही मनात होतं, पण मग पाणी वाटलं जाऊन पंखा पुन्हा मलूल. हे लिहिता लिहिता वेगळंच सुचतंय: दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत पेन्सिल जेटने सगळ्या खिडक्यांच्या चौकटी आणि काचा घासून घ्यायच्या. तोवर पहिल्या चौकटीतलं काळं पाणी गळून जाईल. मग जेट बदलून फॅनने फक्त धुऊन काढायचं. काही विकत घ्यायला नको, आणि पाणीही थोडं वाचायला हवं. रिन्स बारची ऑर्डर सध्या थांबवतोय. रविवारी त्याच तिसऱ्या मजल्यावर दोन पिंपं भरून करून बघतो.